सगळ्यांनी बरोबर सोडवलेला नववा प्रश्न

समुपदेशकांच्या पर्यवेक्षकांना शिकवताना मी हे प्रकरण घेते. हा कुठल्या एका केंद्राचा अहवाल नाही, शिकवण्यासाठी रचलेले प्रकरण आहे. म्हणून यात कुणाला नाव नाही, माणसे त्यांच्या कामावरूनच ओळखायची. पण या क्षेत्रात चार-पाच वर्षे काढलेल्या कुणालाही यातल्या अडचणी अनोळखी वाटणार नाहीत. नैतिक निर्णय मोजता येतो का, या प्रश्नावर वर्गात तासभर वाद घालण्यापेक्षा एका केंद्राने तो कसा मोजला आणि पुढे काय झाले, हे बारकाईने पाहिले तर जास्त हाती लागते.

चाचणी

केंद्रात वीस समुपदेशक होते. वार्षिक मूल्यमापनासोबत त्यांची नैतिकतेची लेखी चाचणी व्हायची: बारा प्रसंग, प्रत्येकाखाली पाच पर्याय आणि निवडलेल्या पर्यायाच्या समर्थनासाठी चार ओळींची जागा. पर्यायांची रचना विचारपूर्वक केलेली होती. व्हॅन हूज आणि पॅराडाइज यांनी १९७९ मध्ये समुपदेशकांच्या नैतिक विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरचा समुपदेशक शिक्षा टळावी म्हणून निर्णय घेतो. दुसऱ्या पायरीवरचा संस्थेचा नियम पाळतो, तिसऱ्या पायरीवरचा समाज काय म्हणेल हे पाहतो. चौथ्या पायरीवर समोरच्या व्यक्तीचे हित येते आणि पाचव्या पायरीवर तत्त्व आणि सदसद्विवेक. केंद्राने याच धर्तीवर पर्याय लिहिले होते. वरच्या पायरीला जास्त गुण, खालच्या पायरीला कमी.

नववा प्रश्न असा होता: ‘तुमचा एक सहकारी त्याच्या क्लायंटशी सत्राबाहेर, रात्री उशिरा खासगी संदेशांची देवाणघेवाण करतो, असे तुम्हाला कळते. तुम्ही काय कराल?’

वीसपैकी वीस जणांनी योग्य पर्याय निवडला: आधी सहकाऱ्याशी स्पष्ट बोलेन, त्याने थांबवले नाही किंवा क्लायंटला इजा होण्याची शक्यता दिसली तर पर्यवेक्षिकेला सांगेन. उत्तर खरेच योग्य आहे. अमेरिकन समुपदेशन संघटनेची २०१४ ची आचारसंहितासुद्धा साधारण याच क्रमाने जायला सांगते, आणि सध्याच्या क्लायंटशी ऑनलाइन खासगी नाते ठेवायला ती स्पष्ट मनाई करते. निकालाच्या बैठकीत नवव्या प्रश्नाबद्दल सगळ्यांनी समाधान व्यक्त केले. ‘निदान या बाबतीत आपली माणसे पक्की आहेत,’ असा शेरा इतिवृत्तात नोंदला गेला.

चाचणीत सर्वाधिक गुण मिळाले ते तीन वर्षे काम केलेल्या एका समुपदेशक मुलीला. पुढची गोष्ट तिचीच आहे.

सात आठवडे

चाचणीनंतर तिसऱ्या आठवड्यात ती प्रतीक्षाकक्षातून जात असताना एका बाईने तिला विचारले, “सर आज उशिरा येणार का? काल रात्री बोलताना तसं काही म्हणाले नाहीत.” ती बाई केंद्रातल्या सर्वांत ज्येष्ठ समुपदेशकाची क्लायंट. नवरा गेल्यानंतर वर्षभराने ती केंद्रात येऊ लागली होती. मुलीने सांगितले, “येतीलच, बसा,” आणि ती पुढे गेली. दिवसभर ते वाक्य तिच्या मनात अधूनमधून येत राहिले. मग तिने स्वतःची समजूत घातली की सत्राची वेळ बदलण्यासाठी फोन झाला असेल.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या लक्षात आले की त्या बाईची सत्रे पन्नास मिनिटांची न राहता सव्वा तास चालतात. स्वागतकक्षात बसणाऱ्या ताईंना हे आधीच दिसले होते. नोंदवहीत तशा वेळाही होत्या, पण त्यांना कुणी विचारले नव्हते आणि चाचणीही त्यांच्यासाठी नव्हती. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ज्येष्ठ सहकारी फोनवर काही टाइप करताना आपणहून म्हणाले, “बाई फार एकटी पडली आहे गं. आपण काय सत्रापुरतीच माणसं असतो का?”

आता संशयाला जागा उरली नव्हती. तरीही ती बोलली नाही, आणखी पाच आठवडे. या काळात तिने पर्यवेक्षिकेला पाठवण्यासाठी तीन वेळा मेसेज लिहिला आणि तिन्ही वेळा पुसला.

मग ज्येष्ठ सहकाऱ्यांनाच कधीतरी जाणीव झाली की हे हाताबाहेर चालले आहे. त्यांनी ते ज्या पद्धतीने थांबवले ती सगळ्यांत वाईट होती: काही न सांगता उत्तरे देणे बंद. ती बाई दोन सत्रांना आली नाही आणि तिसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुखांच्या हाती तिचे पत्र पडले. पत्रात राग नव्हता. नवरा गेला तेव्हा निदान तो गेला हे कळले तरी होते, यावेळी माणूस आहे की नाही हेच कळत नाही, असे तिने लिहिले होते.

चौकशीत मुलीला विचारले, “तुला हे कधीपासून माहीत होतं?” तिने तारखांसह सगळे खरे सांगितले. कुणी पुरावा मागण्याआधी पुसलेल्या मेसेजबद्दलही सांगितले.

बाईंना दुसरी समुपदेशक मिळाली. केंद्राने काय चुकले ते लेखी कबूल केले. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे क्लायंट काढून घेतले गेले आणि त्यांची वेगळी चौकशी सुरू झाली. ती सगळी प्रक्रिया इथे सांगत नाही. माझा विषय चाचणीचा आहे.

दोन सोपी स्पष्टीकरणे

केंद्रप्रमुखांनी तिची उत्तरपत्रिका मागवली. नवव्या प्रश्नाला पूर्ण गुण. समर्थनात तिने लिहिले होते: ‘क्लायंटची स्वायत्तता आणि विश्वासाचे नाते जपणे हे सहकाऱ्याशी असलेल्या नात्याहून वरचे आहे.’ एका परीक्षकाने या वाक्याखाली लाल रेघ ओढून ‘उत्कृष्ट’ असे लिहिले होते.

बैठकीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, ती चाचणीत खोटे बोलली. दुसऱ्याचे म्हणणे, चाचणी निकामी आहे, बंद करा.

मला दोन्ही पटत नाहीत. ती खोटे बोलली नव्हती. उत्तर लिहिताना ती तेच मानत होती, आणि मेसेज तिसऱ्यांदा पुसतानाही तेच मानत होती, म्हणून तर तिला झोप लागत नव्हती. चाचणीही निकामी नव्हती. काय करणे योग्य आहे हे या व्यक्तीला ठरवता येते का, एवढे ती मोजत होती आणि ते तिने बरोबर मोजले होते. चूक झाली ती निकालाचा अर्थ लावताना. ‘हिला योग्य काय ते कळते’ हा निष्कर्ष चाचणीतून निघत होता. बैठकीने काढलेला निष्कर्ष ‘ही योग्य तेच करेल’ असा होता. मानसिक मापनाचे अभ्यासक सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये सप्रमाणतेबद्दल, म्हणजे चाचणीच्या निकालावरून काढलेला निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे याबद्दल, हेच मांडले होते: सप्रमाण किंवा असप्रमाण ठरतो तो गुणांचा आपण लावलेला अर्थ आणि केलेला वापर. प्रश्नपत्रिकेवर तो शिक्का कायमचा मारता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८६ च्या सुमारास मांडलेली चार अंगांची विभागणी इथे फार कामी येते. नैतिक कृती घडायला चार गोष्टी लागतात. इथे काही नैतिक पेच आहे हे जाणवणे, ही संवेदनशीलता. काय योग्य ते ठरवणे, हा निर्णय. इतर ओढींपेक्षा त्या निर्णयाला वरचे स्थान देणे, ही प्रेरणा. आणि ठरवलेले शेवटास नेण्याचे बळ आणि कसब. लक्षात घ्यायचे ते हे, की निर्णय मोजणाऱ्या ‘डिफायनिंग इश्यूज टेस्ट’ या जगभर वापरल्या गेलेल्या चाचणीचे कर्तेही तेच होते. आपल्या चाचणीत चारपैकी एकच अंग सापडते, हे त्यांनी स्वतः सांगितले.

त्याच चाचणीत आणखी एक सुज्ञ सोय आहे. प्रत्येक पेचाखाली बारा विधाने असतात, त्यांतले कुठले किती महत्त्वाचे ते ठरवायचे आणि सर्वांत महत्त्वाची चार क्रमाने लावायची. या विधानांत काही अशी घातलेली असतात की ऐकायला भारदस्त, पण अर्थाने पोकळ. केवळ भारदस्तपणाला भुलून जो ती निवडतो तो त्यामुळे उघडा पडतो. केंद्राच्या चाचणीत अशी काहीच सोय नव्हती. तिथे ‘स्वायत्तता’, ‘अहिंसा’, ‘निष्ठा’ हे शब्द आले की परीक्षकाचा हात सैल सुटायचा. कॅरन किचनर यांनी १९८४ मध्ये समुपदेशनासाठी पाच तत्त्वे मांडली: स्वायत्तता, इजा न करणे, हित साधणे, न्याय आणि दिलेल्या शब्दाशी निष्ठा. ती निर्णयाला दिशा देतात. पण तत्त्वाचे नाव लिहिता येणे आणि समोर बसलेल्या माणसात ते तत्त्व मोडताना दिसणे, यांत बरेच अंतर आहे.

प्रश्नातले ‘कळते’

पर्यवेक्षिका महिनाभराने त्या मुलीजवळ बसल्या. चौकशी संपली होती. त्यांनी नववा प्रश्न तिच्यापुढे ठेवला आणि विचारले, “हे वाचताना आणि ते घडताना काय फरक पडला?”

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, प्रश्नात सहकारी होता. इथे सर होते.”

या उत्तराशी मी वर्गात नेहमी थांबते. तिच्या कामाच्या पहिल्याच महिन्यात एका क्लायंटने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला होता. ते सत्र संपल्यावर तिचे हात थरथरत होते आणि तेव्हा दोन तास तिच्याजवळ बसून राहिले ते हेच सर. नोंदी कशा ठेवायच्या, शांतता कशी सहन करायची, हे तिला त्यांनी शिकवले. प्रश्नातल्या ‘सहकाऱ्या’ला चेहरा नव्हता, उपकार नव्हते, आणि तिच्या वार्षिक मूल्यमापनावर त्याची सहीही नव्हती. सरांची होती.

दुसरा मुद्दा तिने नाही, पर्यवेक्षिकांनी काढला, आणि तो मला याहून महत्त्वाचा वाटतो. प्रश्नात लिहिले होते, ‘असे तुम्हाला कळते’. सगळी मेख या ‘कळते’मध्ये आहे. प्रत्यक्षात काहीही एका क्षणात ‘कळले’ नव्हते. प्रतीक्षाकक्षातले एक वाक्य, लांबलेली सत्रे, जेवताना आलेला एक सहज उद्गार, असे तुकडे तिच्यापुढे येत गेले आणि प्रत्येक तुकड्याला एक निरुपद्रवी अर्थही होता. चाचणीने तुकडे जोडून, वर ‘उल्लंघन’ अशी चिठ्ठी डकवून प्रसंग हातात दिला होता. म्हणजे संवेदनशीलतेचे सगळे काम प्रश्नकर्त्याने स्वतःच करून ठेवले होते आणि उत्तर देणाऱ्याला फक्त निर्णयाचे काम शिल्लक ठेवले होते. समुपदेशकाच्या रोजच्या जगण्यात प्रमाण नेमके उलटे असते. दिसणे अवघड असते. एकदा दिसले की काय योग्य हे बहुतेक वेळा फार गूढ राहत नाही.

तिसरी गोष्ट तिने खाली मान घालून सांगितली. “सांगायचं म्हणजे काय वाक्य बोलायचं, तेच मला सुचत नव्हतं.” मेसेज पुसले गेले ते यासाठीही. पहिला तिला चहाडी वाटली, दुसरा आरोप वाटला, तिसरा इतका मोघम झाला होता की वाचून कुणालाच काही समजले नसते. हे रेस्ट यांचे चौथे अंग. धैर्य म्हटले की आपण छातीचा विचार करतो, पण पुष्कळदा ते जिभेवर अडते. ज्येष्ठाशी बोलायचे पहिले वाक्य कधी तोंडातून काढलेलेच नसेल, तर ते ऐन वेळी निघत नाही.

इथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे की तिचे मौन मी माफ करत नाही. त्या पाच आठवड्यांची किंमत क्लायंटने दिली. ‘व्यवस्थाच तशी होती’ असे म्हणून वर्गात काही जण तिला मोकळे करू पाहतात, तेव्हा मी त्यांना बाईंचे पत्र पुन्हा वाचायला सांगते. पण तिच्यापुढे तक्रारीची जी एकमेव ठरलेली वाट होती ती सरांच्या टेबलावरून जात होती, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या नाहीत तर मूल्यमापन करणाऱ्याच्या खुर्चीत बसू नये.

आकड्यांनी आधीच काय सांगितले होते

प्रकरण घडून गेल्यावर शहाणपण सुचणे सोपे असते, असे कुणी म्हणेल. पण चाचणीच्या निकालातच दोन खुणा होत्या आणि दोन्ही चुकीच्या वाचल्या गेल्या.

पहिली, वीसपैकी वीस बरोबर. मापनाच्या दृष्टीने हे समाधानाचे कारण नाही. सगळ्यांचे उत्तर एकच आले तर त्या प्रश्नाने कुणालाच कुणापासून वेगळे केले नाही, म्हणजे माणसांमधला फरक दाखवण्याच्या कामी तो शून्य आहे. गुणांत फरकच नसेल तर त्यांचा पुढच्या वागण्याशी संबंध दिसण्याची शक्यता गणितानेच मिटते. एवढेच समजायचे की अपेक्षित उत्तर कुठले, हे सगळ्यांना ठाऊक होते.

दुसरी खूण समर्थनाच्या ओळींच्या तपासणीत होती. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे प्रत्येक उत्तराला ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ असा शेरा दिला. नवव्या प्रश्नाला दोघांनीही प्रत्येकी १८ उत्तरे समाधानकारक आणि २ असमाधानकारक ठरवली. पण एकाने नाकारलेली दोन वेगळी, दुसऱ्याने नाकारलेली दोन वेगळी. म्हणजे २० पैकी १६ उत्तरांवर एकमत, ८० टक्के. अहवालात ‘परीक्षकांत ८० टक्के एकमत’ असे ठळक छापले होते.

आता हिशेब करून पाहा. दोघांनी उत्तरे न वाचता, फक्त दहापैकी नऊ या प्रमाणात ‘समाधानकारक’चे शिक्के मारत सुटायचे ठरवले असते, तर निव्वळ योगायोगाने किती एकमत झाले असते? ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, अधिक ०.१ गुणिले ०.१ म्हणजे ०.०१. एकूण ०.८२, म्हणजे ८२ टक्के. प्रत्यक्षातले एकमत त्याहूनही कमी! जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये योगायोगाचे एकमत वजा करणारा जो ‘काप्पा’ (kappa) गुणांक दिला, तो इथे उणे ०.११ येतो. या दोन परीक्षकांच्या मनात ‘चांगले उत्तर’ म्हणजे काय, याची एकच कल्पना नव्हती. ८० टक्क्यांच्या आकड्याने ते झाकले.

आणि मतभेद कुठल्या उत्तरांवर होता ते पाहिले तर खरा धक्का बसतो. त्यांतले एक उत्तर मधल्या फळीतल्या, एकंदर गुणांत बाराव्या आलेल्या समुपदेशकाचे होते. त्याने योग्य पर्यायावर खूण केली होती आणि खाली लिहिले होते: ‘हे करायला हवे. पण खरे सांगायचे तर मी लगेच बोलेन असे नाही. भीती वाटेल. आधी बाहेरच्या कुणाला तरी विचारेन की हे घेऊन जायचे कुणाकडे.’ एका परीक्षकाने शेरा दिला, ‘ठामपणाचा अभाव, असमाधानकारक.’ दुसऱ्याने ते उत्तर मान्य केले, पण का ते लिहिले नाही.

वीस उत्तरपत्रिकांत कामाची माहिती असलेले हे एकच उत्तर होते. ते केंद्राला तीन गोष्टी सांगत होते: तुमच्या माणसांना भीती वाटेल, तक्रार कुठे न्यायची हे त्यांना माहीत नाही, आणि त्यांना आतल्यापेक्षा बाहेरचा माणूस सुरक्षित वाटतो. या तीन ओळी कुणी गांभीर्याने वाचल्या असत्या तर त्या बाईंचे पाच आठवडे वाचले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वाट तरी उघडली असती. त्याऐवजी प्रांजळपणाचे गुण कापले गेले, आणि पुढच्या वर्षी असे काही लिहायचे नाही हे बाकीच्यांनी ओळखले.

‘करायला हवे’ आणि ‘करेन’ यांतले हे अंतर नवीन नाही. बर्नार्ड आणि जारा यांनी १९८६ मध्ये मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे, सहाध्यायी मित्राने आचारसंहिता मोडल्याचे प्रसंग ठेवले. तुम्ही काय करायला हवे आणि तुम्ही काय कराल, असे दोन वेगळे प्रश्न विचारले. आपण जे करायला हवे म्हणतो त्यापेक्षा आपण कमीच करू, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या घरात होते. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीतही असे अंतर आढळले. ध्यानात घ्या, हे अंतर त्यांनी स्वतःहून सांगितले, कारण विचारणाऱ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवले होते आणि उत्तरावर कुणाची नोकरी टांगलेली नव्हती. केंद्राने ‘तुम्ही काय कराल’ असे विचारले, गुण ‘काय करायला हवे’ याला दिले, आणि ते सगळे बढतीच्या फायलीला जोडले.

अजून एक बाब थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये, माणसाचा नैतिक विचार पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो असे मांडणाऱ्या लॉरेन्स कोलबर्ग यांच्या पायऱ्यांवर आक्षेप घेतला, की नात्यांची काळजी घेणारा विचार या मोजपट्टीवर खाली पडतो. त्या आक्षेपावर पुढे बराच वाद झाला आणि स्त्री-पुरुषांतला फरक गिलिगन म्हणत होत्या तेवढा मोठा आढळला नाही. पण या प्रकरणात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चाचणीने मुलीला शिकवले की तत्त्व वर आणि नाते खाली. त्यामुळे सरांबद्दलची कृतज्ञता तिला निर्णयातला अडथळाच वाटली. ‘सर, तुम्ही मला शिकवलंत म्हणूनच मी हे तुम्हाला सांगते आहे,’ असे ती म्हणू शकली असती. त्या नात्यातूनच बोलायची वाट होती, हे तिला चाचणीने कधी दाखवले नाही.

नव्याने मोजताना

केंद्राने चाचणी बंद केली नाही, याचे मला समाधान आहे. न मोजण्याने कुणीच सुरक्षित होत नाही. त्यांनी चार बदल केले. त्यांतले दोन मला ठाम पटतात, एक अर्धा पटतो, आणि एकाबद्दल माझ्या मनात शंका आहे.

पहिला, प्रसंग तुकड्यांत. तीन चिठ्ठ्या, एकामागून एक. पहिलीत एक साधे वाक्य, दुसरीत थोडे अधिक, तिसरीत उघड. प्रत्येक चिठ्ठीनंतर एकच प्रश्न: ‘काही खटकले का? काय?’ कुणी कुठल्या चिठ्ठीवर थांबले हे नोंदवायचे. काही चिठ्ठ्यांच्या संचात शेवटपर्यंत काहीच गैर निघत नाही, हे महत्त्वाचे, नाहीतर सगळे पहिल्याच वाक्यावर संशय घ्यायला शिकतात, आणि संशयी समुपदेशक हा सावध समुपदेशक नव्हे.

दुसरा, तीन वेगळे प्रश्न: काय करायला हवे, तुम्ही काय कराल, आणि आडवे काय येईल. उत्तरांवर नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक, आणि त्यांचा वार्षिक मूल्यमापनाशी संबंध तोडलेला. यावर केंद्रप्रमुखांचा आक्षेप होता: मग जबाबदारी कशी ठरवणार? माझे उत्तर असे, की जबाबदारी वागण्यावरून ठरवा: नोंदींवरून, सत्रांच्या वेळांवरून, क्लायंटच्या म्हणण्यावरून. माणसाच्या मनातली भीती त्याच्याकडूनच काढून घेऊन त्याच्याविरुद्ध वापराल, तर पुढच्या वेळी ती भीती तुम्हाला दिसणारच नाही.

तिसरा, प्रत्यक्ष बोलून दाखवणे. समोर ‘ज्येष्ठ सहकारी’ म्हणून प्रशिक्षित व्यक्ती, सात मिनिटे, दोन परीक्षक, आणि प्रत्येक गुणाला काय दिसले पाहिजे याचे आधी लिहून ठेवलेले वर्णन. इथे पहिले वाक्य तोंडातून निघते का ते कळते. अर्धे पटते म्हणाले ते एवढ्यासाठी, की सरावाच्या खोलीतल्या सरांचेही उपकार नसतात. शिवाय एका प्रसंगात माणूस कसा वागला यावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फार करता येत नाही. भेटवस्तू शांतपणे नाकारणारा माणूस गोपनीयतेच्या पेचात पुरता गोंधळू शकतो. म्हणून एका सात मिनिटांवरून कुणावर शिक्का मारू नये. सराव म्हणून मात्र त्याची किंमत मोठी आहे.

चौथा बदल म्हणजे तक्रार थेट बाहेरच्या पर्यवेक्षिकेकडे नेण्याची सोय. हा मापनाचा भागच नाही असे काहींना वाटले. मला उलट शंका आहे ती वेगळी: नुसती सोय फळ्यावर लावून ती वापरली जाते असे गृहीत धरले जाईल. वर्षभरात एकही तक्रार आली नाही तर ‘सर्व आलबेल’ असे इतिवृत्तात लिहिले जाईल का, हे पाहावे लागेल. नवव्या प्रश्नाच्या वेळी असेच झाले होते.

पहिल्या फेरीत त्या मुलीनेही चिठ्ठ्या सोडवल्या. ती पहिल्याच चिठ्ठीवर थांबली. याला फार अर्थ देऊ नये, ती आता पोळलेली आहे. पण ‘आडवे काय येईल?’ या प्रश्नाखाली तिने लिहिले: ‘ज्यांनी शिकवले त्यांचा चेहरा. यावेळी मी त्यांच्या खोलीत जाईन, पण दार लोटायच्या आधी कुणाला तरी सांगून जाईन की मी आत चालले आहे.’

सांकेतिक क्रमांकामुळे हे कुणी लिहिले ते परीक्षकांना माहीत नव्हते. एकाने तिला पाचपैकी दोन गुण दिले, दुसऱ्याने पाच. दोघे समोरासमोर बसले, आधी लिहून ठेवलेले वर्णन काढून पुन्हा वाचले, आणि तासाभराने त्यांच्या लक्षात आले की अशा उत्तरासाठी त्या वर्णनात ओळच नाही. ती ओळ लिहिण्यासाठी त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचे ठरवले आहे.